नळी बदलली की हिशेब बदलतो

मोटरसायकलीला आपल्या जुन्या माणसांनी 'फटफटी' हे नाव दिले. यंत्राला त्याच्या आवाजावरून ओळखण्याची ही रीत मोठी मार्मिक आहे. परंतु तिच्याबरोबर एक गैरसमजही पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आवाज मोठा म्हणजे गाडी जोरदार, हा तो गैरसमज होय. धूर सोडणाऱ्या नळीला मुंबई-ठाण्यात आपण 'सायलेन्सर' म्हणत होतो. येथे इस्राएलात सारे तिला 'एग्झोझ' म्हणतात. नाव कोणतेही असो, तरुण मुलगा नवी गाडी घेतो तेव्हा त्याचा पहिला हात या नळीवर पडतो. कारखान्याने बसविलेली नळी काढून बाजारात मिळणारी दुसरी लावली की गाडी मोकळी होते, असे त्याला कोणीतरी सांगितलेले असते. वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असा एखादा मुलगा, पुतण्या वा नातू असेलच. त्याच्यासाठी आणि त्याची काळजी वाहणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी हे चार शब्द लिहीत आहे.

माझा भाचा सिंगापूरला जुरोंग आयलंडवर एका कंत्राटदाराकडे इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे. गेल्या वर्षी मी त्याच्याकडे महिनाभर राहून आलो. मी स्वतः मुंबईत असताना ट्रॉम्बेकडील एका तेलशुद्धी कारखान्यात भट्ट्यांच्या मोजमापाच्या उपकरणांवर बरीच वर्षे काम केले. त्यामुळे मामा-भाच्यांच्या गप्पा खाण्यापिण्यावरून सुरू झाल्या तरी शेवटी भट्टी, धुराडे आणि झडपांवर येऊन थांबत.

जुरोंग आयलंड हे मूळचे एक बेट नव्हे. सिंगापूरच्या नैऋत्येस आयर चावान, आयर मेर्बाउ, मेर्लिमाउ, पेसेक, पेसेक केचिल, साक्रा आणि सेराया अशी सात लहान बेटे होती, आणि १९७० च्या दशकापासून त्यांपैकी काहींवर तेलशुद्धी कारखाने चालत होते. १९९५ पासून समुद्रात भर घालून ही बेटे एकमेकांस जोडण्यात आली. १९९९ मध्ये मुख्य भूमीपासून तेथे जाणारा रस्ता खुला झाला, १४ ऑक्टोबर २००० रोजी औपचारिक उद्घाटन झाले आणि भरावाचे काम २००९ मध्ये पुरे झाले. सात बेटे जोडून एक झालेल्या मुंबईतून आलेल्या माणसाला ही हकीकत ऐकून आपलेपणा वाटल्यावाचून राहत नाही. मात्र मुंबईत वस्ती झाली आणि येथे केवळ कारखाने. सुमारे ३,००० हेक्टर जागेवर शंभराहून अधिक कंपन्या आहेत. २००१ पासून हे बेट संरक्षित क्षेत्र असून पासाशिवाय कोणासही आत सोडीत नाहीत. त्यामुळे मीदेखील ते चौकीच्या अलीकडूनच पाहिले. रोज सकाळी माझा भाचा टँकर आणि कामगारांच्या बसगाड्यांच्या रांगेतून आपली मोटरसायकल घेऊन त्या चौकीतून आत जातो.

त्याची गाडी रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० आहे. ही निवड त्याने उगाच केलेली नाही. माझे मेहुणे, म्हणजे त्याचे वडील, ठाण्याला असताना बुलेट चालवीत. १९९३ साली आम्ही सर्व इकडे येण्यास निघालो तेव्हा त्यांनी ती विकली. भाचा त्या वेळी आठ वर्षांचा होता. पेट्रोलच्या टाकीवर बसून वडिलांबरोबर मासुंदा तलावाभोवती मारलेल्या फेऱ्या त्याला अद्याप आठवतात. मेहुणे आता हयात नाहीत. सिंगापुरात मोटरसायकल घेणे ही साधी गोष्ट नव्हे. तेथे गाडीच्या किमतीखेरीज दहा वर्षांच्या हक्काचे प्रमाणपत्र लिलावात घ्यावे लागते, आणि मोटरसायकलींसाठीच त्याचा भाव २०२२ मध्ये दहा हजार सिंगापूर डॉलरांच्या वर गेला होता. एवढा खर्च करून गाडी घेतल्यावर तो मला म्हणाला, "मामा, सगळे आहे, पण बाबांच्या गाडीचा आवाज नाही." म्हणून त्याने नळी बदलली.

नळी त्याने मान्यताप्राप्तच घेतली होती, हे येथे मुद्दाम नमूद करतो. सिंगापूरच्या भू-वाहतूक प्राधिकरणाची मान्यता नसलेली नळी लावणे तेथे गुन्हा आहे, आणि तीन वर्षांहून जुन्या मोटरसायकलीची दरवर्षी तपासणी होते, तीत धूर व आवाज दोन्ही पाहिले जातात. तेव्हा नियमाचा प्रश्न नव्हता. प्रश्न गाडीच्या प्रकृतीचा होता. नवी नळी लागल्यापासून मध्यम वेगात ॲक्सिलरेटर पिळला की गाडी क्षणभर अडखळे, आपल्या मेकॅनिकांच्या भाषेत 'मिसिंग' करी. ॲक्सिलरेटर सोडला की नळीतून फटाके फुटत. पायांना आच पूर्वीपेक्षा अधिक लागे. ज्या कार्यशाळेत नळी बसविली त्यांनी सांगितले की गाडीचा कॉम्प्युटर आपोआप शिकून घेईल. महिनाभर काही शिकलेला दिसला नाही. मग त्यांनी एक छोटी डबी जोडली आणि तीत कोठल्यातरी दुसऱ्या देशातील, दुसऱ्या नळीसाठी केलेला इंधनाचा तक्ता भरून दिला. गाडी आता सावकाश चालविताना पेट्रोलचा वास येऊ लागला, आणि वेगात ती अडखळतच राहिली. भाच्याला हा वैताग परवडणारा नव्हता. भर वाहतुकीत, मागे पेट्रोलचा टँकर असताना गाडीने दम सोडणे म्हणजे काय, हे सांगावयास नको.

आता या रोगाचे मूळ काय, ते माझ्या ओळखीच्या भट्टीवरून सांगतो. तेलशुद्धी कारखान्याच्या भट्टीत खाली इंधन जळते आणि वर धुराडे असते. धुराडे केवळ धूर बाहेर टाकण्यासाठी नसते. त्याच्या ओढीनेच खालून भट्टीत हवा शिरते. धुराड्यातील झडप जरा अधिक उघडली की ओढ वाढते, हवा अधिक येते आणि इंधन तेवढेच राहिले तर ज्वाला फिकी व अस्थिर होते. झडप मिटली की उलट होते. हवा अपुरी पडून ज्वाला लांब व धुरकट होते. म्हणून भट्टीवाला धुरातील उरलेला प्राणवायू मोजतो. वायूवर चालणाऱ्या भट्टीत तो साधारण दोन-तीन टक्के ठेवतात. कमी झाला तर इंधन अर्धवट जळते, फार झाला तर उष्णता धुराड्यावाटे फुकट जाते. ज्वालेचा रंग अनुभवी डोळ्यालाही फसवितो, मोजमापाचा आकडा सहसा फसवीत नाही.

मोटरसायकलीचे इंजिन म्हणजे अशीच एक भट्टी, फक्त ती दर मिनिटाला हजारो वेळा विझते आणि पेटते. नळी हे तिचे धुराडे. नळीची लांबी, जाडी, आतील पडदे बदलले की सिलिंडरमधून जळका धूर निघून जाण्याची आणि त्याच्या पाठोपाठ नवी हवा आत येण्याची रीत बदलते. एका किलो पेट्रोलच्या संपूर्ण ज्वलनास सुमारे १४.७ किलो हवा लागते. पूर्ण जोर हवा असेल तेव्हा पेट्रोल थोडे अधिक देतात, साडेबारा-तेरा किलो हवेस एक किलो या बेताने. हवा वाढली आणि पेट्रोल तेवढेच राहिले तर मिश्रण 'लीन' होते. जोर लावताना असे झाले की इंजिन तापते, ठोका मारू लागते आणि पिस्टन व झडपा भाजू लागतात. पेट्रोल अति झाले तर प्लगवर काजळी धरते, सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन जाते आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाहक तापतो.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, मग सरसकट थोडे पेट्रोल वाढवावे, झाले. खरी मेख येथेच आहे. नळीतून धुराचे धक्के लाटांसारखे जातात आणि टोकावरून वा आतल्या पडद्यावरून परत फिरतात. परतलेली लाट झडप उघडी असताना योग्य क्षणी पोहोचली तर सिलिंडर रिकामे व्हावयास मदत करते. अवेळी पोहोचली तर अडथळा करते. म्हणून एकच नळी २,००० फेऱ्यांना अडवील, ४,००० ला साहाय्य करील आणि ५,००० ला पुन्हा काहीच करणार नाही. पूर्व जर्मनीतील एम.झेड. कारखान्याच्या वाल्टर काडन यांनी १९५० च्या दशकात दोन-स्ट्रोक इंजिनांच्या नळ्यांवर याच लाटांचा अभ्यास करून छोट्या इंजिनांतून अपूर्व शक्ती काढली. त्यांचा स्वार एर्न्स्ट डेग्नर १९६१ मध्ये पश्चिमेकडे निघून गेला, ते ज्ञान सुझुकी कंपनीस मिळाले आणि १९६२ मध्ये सुझुकीच्या गाडीवर त्याने ५० सीसी वर्गाचे जागतिक अजिंक्यपद मिळविले. आपल्या पुण्याच्या बजाजनेही चार-स्ट्रोक गाड्यांच्या नळीला इंजिनाजवळ एक लहान कोठी जोडून कमी वेगातील ओढ सुधारली व तिला 'एग्झॉस्टेक' असे नाव दिले. तात्पर्य, नळी हा इंजिनाचाच अवयव आहे. तो बाहेरून घातलेला दागिना नव्हे.

मेहुण्यांच्या बुलेटीत कार्ब्युरेटर होता. नळी बदलली तर मेकॅनिक मोठा जेट घाली, सुईची क्लिप एक घर सरकवी आणि प्लग काढून रंग पाही. बिस्किटासारखा रंग आला की काम झाले. आता भाच्याच्या गाडीत इंजेक्टर आहे. भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या नियमांनंतर नव्या मोटरसायकलींत इंजेक्टरच रूढ झाला आहे. त्याच्या कॉम्प्युटरात एक तक्ता असतो, आपल्या शाळेतील पाढ्यांच्या तक्त्यासारखा. आडव्या ओळीत इंजिनाच्या फेऱ्या, उभ्या ओळीत ॲक्सिलरेटर किती उघडला किंवा आत हवेचा दाब किती आहे ते. आणि प्रत्येक घरात इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवावयाचा याचा आकडा. ४,००० फेऱ्यांना इंजिनाचे एक पूर्ण आवर्तन ३० मिलिसेकंदांत संपते. त्यात इंजेक्टर पाच मिलिसेकंद उघडत असेल, तर पाच टक्क्यांची चूक म्हणजे मिलिसेकंदाचा पाव भाग. हे कानाला कळणे शक्य नाही.

मग कॉम्प्युटर आपोआप शिकत नाही काय? अर्धेच शिकतो. नळीत प्राणवायू मोजणारी एक छोटी कांडी असते. ती झिर्कोनियाची असते आणि तत्त्व तेच, जे आमच्या भट्टीच्या धुराड्यातील कांडीचे. बॉश कंपनीने ती मोटारीत प्रथम आणली १९७६ मध्ये, व्होल्व्होच्या गाडीत. परंतु गाडीतील साधी कांडी मिश्रण कमी की जास्त एवढेच सांगते, किती ते सांगत नाही. शिवाय कॉम्प्युटर तिचे ऐकतो ते गाडी संथपणे, एकसारखी चालली असताना. ॲक्सिलरेटर जोरात पिळला की तो तिच्याकडे दुर्लक्ष करून छापील तक्त्यावरच चालतो. इंजिन भाजण्याचा धोका असतो तो नेमक्या या दुसऱ्या अवस्थेत. आणखी एक गोष्ट. नळीच्या सांध्यातून कांडीच्या अलीकडे बाहेरची हवा शिरत असेल, तर कांडीला प्राणवायू अधिक दिसतो आणि कॉम्प्युटर कारण नसता पेट्रोल वाढवीत जातो. ॲक्सिलरेटर सोडल्यावर फुटणारे फटाकेही बहुधा याच चोरट्या हवेचे असतात; ते शक्तीचे लक्षण नव्हे.

एका शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघे ज्याच्याकडे मोजमापाचे रूळ आहेत अशा दुसऱ्या कारागिराकडे गेलो. त्याने डबीला हात लावण्यापूर्वी सांधे तपासले. इंजिनाच्या तोंडाशी असलेली गॅस्केट जुनीच पुन्हा बसविलेली निघाली. ती बदलताच निम्मे फटाके बंद झाले. मग त्याने आयात केलेला तक्ता पूर्ण पुसला, गाडी रुळांवर चढविली आणि नळीत रुंद पल्ल्याची कांडी घालून प्रत्येक घर मोजले. ४,००० फेऱ्यांच्या आसपास ॲक्सिलरेटर अर्ध्यावर असता गुणोत्तर पंधराच्या वर जात होते. अडखळण्याचे ठिकाण नेमके तेच. तेथे त्याने सहा-सात टक्के पेट्रोल वाढविले. त्याहून वरच्या फेऱ्यांना दोन-तीन टक्के पुरले. एका ठिकाणी तर वाढविण्याऐवजी दोन टक्के कमी करावे लागले. संथ चालीची घरे त्याने तशीच सोडली. तेथे गाडीची स्वतःची कांडी काम करीत होती. एका वेळी एकच बदल, मग पुन्हा मोजणी. तीन तास गेले.

अडखळणे गेले, आच कमी झाली. भाच्याने उत्सुकतेने विचारले, "मामा, जोर किती वाढला?" कागदावरील रेषा पाहिली तर मूळच्या २० अश्वशक्तीत जाणवण्याजोगी भर पडलेली नव्हती. इंधनाचा तक्ता सुधारणे म्हणजे बहुतेक वेळा शक्ती मिळविणे नसून बिघडलेला हिशेब जुळविणे असते. हे विक्रेते सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो.

राहिला प्रश्न आवाजाचा. त्या रात्री त्याने अश्दोदला आपल्या आईला फोन लावला आणि गाडी सुरू करून ऐकविली. माझी बहीण थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "अरे, तुझ्या बाबांची गाडी अशी कोठे चालू व्हायची? सकाळी दहा लाथा मारल्याशिवाय ती बोलतसुद्धा नसे." आम्ही तिघेही हसलो, पण तिने नकळत खरे तेच सांगितले. त्या बुलेटचा पिस्टन ७० मिलिमीटर रुंद आणि त्याची धाव ९० मिलिमीटरची, ३४६ सीसी; नव्या गाडीत ७२ आणि ८५.८ मिलिमीटर, ३४९ सीसी. मधला धातू निराळा, झडपांची रचना निराळी, पेट्रोल देण्याची रीत निराळी. तो आवाज साऱ्या यंत्राचा मिळून होता, आणि ऐकणारा आठ वर्षांचा मुलगा होता. कोणतीही नळी तो परत आणून देणार नाही. भाच्याला हे समजले असावे, कारण नळीच्या तोंडातील आवाज दाबणारा पडदा काढण्याचा विचार त्याने नंतर स्वतःहून सोडला.

पडदा काढण्याविषयी आणि मुद्दाम फटाके वाजविण्याविषयी दोन शब्द कडक लिहितो. काही ठिकाणी ठिणगी उशिरा देऊन व पेट्रोल वाढवून नळीतून मुद्दाम ज्वाला काढणारे तक्ते मिळतात. तेलशुद्धी कारखान्यांच्या धोक्याच्या विभागात परवान्याशिवाय कोणतेही इंजिन नेता येत नाही, आणि ज्यांना परवानगी मिळते त्यांच्या नळीवर ठिणगीरोधक जाळी बसवावी लागते. हा नियम उगाच झालेला नाही. जो मुलगा दिवसभर अशा नियमांत काम करतो त्याने संध्याकाळी टँकरच्या रांगेत नळीतून ज्वाला काढीत जावे, हे शोभत नाही. महाराष्ट्रातही अनेक शहरांत पोलिसांनी असे कर्कश सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली चिरडले आहेत. त्यांत कित्येक तरुणांचा महिन्याचा पगार चपटा झाला.

ज्यांचे नातलग भारतात आहेत त्यांच्यासाठी आणखी एक सूचना. तेथे आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळतात. इथेनॉलला हवा कमी लागते, एका किलोस सुमारे नऊ किलो; त्यामुळे अशा मिश्र इंधनाचे योग्य गुणोत्तर १४.७ न राहता सुमारे साडेतेरावर येते. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोलपंपावरचे इंधन अधिक द्यावे लागते. परदेशातील तक्ता ठाण्यातील गाडीत जसाच्या तसा भरणे म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा आपल्या डोळ्यांवर चढविणे होय. तेव्हा नळी बदलावयाचीच असेल तर मान्यतेची घ्यावी, कन्व्हर्टर काढू नये, गॅस्केट नवी घालावी, एअर फिल्टर स्वच्छ असल्याची खात्री करावी आणि मग ज्याच्याकडे मोजण्याचे साधन आहे अशाच माणसाकडून तक्ता जुळवून घ्यावा. मोजमापाचा कागद मागून घ्यावा. जो कागद देण्यास कुरकुर करील त्याच्याकडे गाडी देऊ नये.

आपण देश बदललेली माणसे आहोत. एक गोष्ट बदलली की तिच्यामागोमाग दहा गोष्टींचा हिशेब नव्याने मांडावा लागतो, हे आपल्याला निराळे शिकविण्याची गरज नाही. धूर बाहेर जाण्याची वाट बदलली, तर आत येणाऱ्या हवेचे माप पुन्हा घ्यावे आणि पेट्रोल त्या मापाने द्यावे. तरुणांनी हौस अवश्य करावी. फक्त हौसेच्या खर्चात मोजणीचाही खर्च पहिल्यापासून धरावा.